पाळण्यातल्या आत्याबाई

प्रेरणाच्या लेकीचं नाव बारशाला सई ठेवलं होतं आणि ते तिला शोभतही होतं, निदान दिवेलागणीपर्यंत. एकदा घरातले दिवे लागले की सई असं काही भोकाड पसरायची की कामथडीच्या वरच्या आळीतली कुत्रीसुद्धा हायवेपलीकडं जाऊन बसायची. इंद्रजित बायकोला हसवायला म्हणायचा, "साताऱ्याकडं जाणारे ट्रकवाले बाजूला गाडी घेतात गं. त्यांना वाटतं, मागून अँब्युलन्स येतेय."

प्रेरणाला हसू यायचं नाही. तिला हल्ली कशाचंच हसू येत नव्हतं. भोरच्या कचेरीत नोकरी केलेल्या बापाची ती एकुलती एक, मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली. डोळ्यांना न दिसणारे जंतू हा तिच्या अभ्यासाचा विषय, त्यामुळं तिला ते सगळीकडं दिसायचे. सासऱ्यांच्या धोतरावर, पाळण्याच्या दोरीवर, पाहुण्यांच्या पापीत तर फारच. बाळ रडलं की तिचा जीव घाबरा व्हायचा आणि बाळ गप्प झोपलं की त्याहून घाबरा. मग ती लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची, आणि त्या बोटानं बाळ जागं होऊन पुन्हा रडायला लागायचं.

त्यात तिची रजा संपत आली होती. नसरापूरच्या ज्या लॅबमध्ये ती काम करायची तिथल्या मॅडमनी प्रेमळ आवाजात सांगून टाकलं होतं, "सोमवारी ये गं बाई. नाही आलीस तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल." ही नोकरी प्रेरणानं लग्नात हुंडा नको, दागिना नको, पण नोकरी सोडणार नाही असं भर बैठकीत सांगून राखली होती. ती जाऊ द्यायची तर भोरमध्ये तोंड कुठं दाखवायचं? तेव्हा ठरलं असं की सोमवारपासून सईला तिची आजी, म्हणजे प्रेरणाच्या सासूबाई रतनबाई सांभाळणार.

रतनबाई आनंदानं तयार होत्या. सकाळी म्हशीचं उरकलं की नातीजवळ यायच्या आणि दोन्ही हात पुढं करायच्या. मग प्रेरणा सॅनिटायझरची बाटली घेऊन यायची.

"आई, हात."

"धुतलेत की गं आत्ताच."

"पदरही शेणाचा आहे आई. आणि मान धरा. अशी नाही, अशी."

मान धरता धरता बाळ प्रेरणाच्याच हातात परत यायचं. रतनबाई मोकळे हात साडीला पुसून चुलीकडं जायच्या.

तर बाळ का रडतं याचा शोध चालू होता. डॉक्टर म्हणाले, पोटात वारा धरतो, आपोआप बरं होईल. मोबाईलमधल्या ॲपनंही तेच सांगितलं. पण एका संध्याकाळी शेजारच्या चंद्राबाई काठी टेकत आल्या. या म्हणजे प्रेरणाच्या सासऱ्यांच्या चुलती. घराण्यातल्या तीन पिढ्यांची बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली. त्यांनी पाळण्यात वाकून बघितलं आणि निकाल दिला.

"पोट न्हाई, काय न्हाई. नाव मागतीया पोर."

"नाव? तिचं नाव सई आहे आजी."

"ते तुज्यासाटनं. ती जी कोन आलीया, तिला तिचं सवताचं नाव पायजे."

ती जुनी रीत प्रेरणानं ऐकली होती, पाहिली नव्हती. घराण्यातलं गेलेलं माणूस बाळ होऊन परत येतं, आणि आपलं नाव सोडून घरच्यांनी भलतंच काही चिकटवलं म्हणून रडतं. मग जाणत्या बाईनं गेलेल्यांची नावं एकेक घ्यायची. ज्या नावाला पोर गप्प, तेच आलं म्हणून समजायचं. प्रेरणानं या रीतीचा सगळ्या बाजूंनी विचार केला. यात बाळाच्या तोंडात काही घालायचं नव्हतं, पोटावर काही डागायचं नव्हतं. नावाला जंतू नसतात. ती म्हणाली, "करा. फक्त अंगारा कपाळाला नको, पायाला लावा."

बाळ प्रेरणाच्या मांडीवर, समोर चंद्राबाई, बाजूला रतनबाई. नावं आठवून द्यायला सासरे चिमाजी दाराशी बसले. इंद्रजित मोबाईलवर व्हिडिओ काढायला उभा राहिला आणि चंद्राबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं मोबाईल खिशात घालून हात जोडले.

"आमची थोरली आत्या, गोदा," चिमाजी म्हणाले.

"गोदा गं, तू का?" चंद्राबाईंनी विचारलं. बाळ रडतच होतं.

"मथुरा."

"मथुरे, तू का? न्हाई. म्होरं."

"सरूकाकी."

"ती येयाची न्हाई. तिला ह्ये घर कदी आवडलंच न्हाई. म्होरं."

"तान्ही आत्या. ती लग्नाच्या आदल्या दिशी पुरणाचा आख्खा टोप खाऊन बसलेली ती."

"तान्हे, तू का गं?" बाळानं पाय झाडले. "न्हाई. आता कोन ऱ्हायलं?"

चिमाजींनी घसा साफ केला. "आता... आमची आईच की."

घरात एकदम शांतता झाली. म्हणजे बाळ सोडून. चंद्राबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि हळूच विचारलं, "धोंडाबाई? व्हय गं, तू आलीस का?"

आणि सई गप्प झाली.

तिनं डोळे मोठे केले, ओठांचा चंबू केला आणि सगळ्यांवरून एक नजर फिरवली. आता, तिच्या ढुंगणाखाली प्रेरणाचा तळहात होता आणि नेमक्या त्याच क्षणाला त्या तळहाताला एक लांबलचक 'पुर्रर्र' जाणवलं होतं. दिवसभराचा अडकलेला वारा सुटला होता. पण हे शास्त्रीय सत्य सांगायला तिनं तोंड उघडेपर्यंत चंद्राबाईंनी बाळाच्या पायांवर डोकं ठेवलं होतं.

"बघितलं का, हुंकार दिला! रतने, उठ. तुजी सासू आली."

रतनबाई उठल्या. पण पुढं नाही, मागं सरकल्या. भिंतीला पाठ लागेपर्यंत मागं गेल्या आणि तिथं त्यांनी कपाळाच्या खालपर्यंत पदर ओढून घेतला.

*

धोंडाबाईंना जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. त्या हिर्डोशीच्या, घाटातल्या. एसटीची वाट बघणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. माहेरी जायचं तर पहाटे उठून चालत सुटायच्या. हसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. भिंतीवरच्या फोटोतही त्या फोटोग्राफरला रागवत होत्या. सासूला रतनबाई 'आत्याबाई' म्हणायच्या, आणि नुसतं ते नाव घेतानाही त्यांचा आवाज खाली यायचा.

दुसऱ्या दिवसापासून घराची रीतच बदलली. सकाळी चहा झाला की पहिली कपबशी पाळण्याखाली. बाळ बाजेवर असलं की रतनबाई जमिनीवर. त्यांची आवडती मालिका लागली तेव्हा त्यांनी आवाज पार बारीक केला आणि पाळण्याकडं पाठ करून नुसती चित्रं बघितली. साठी ओलांडलेले चिमाजी, गावात ज्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही ते, पाळण्याजवळून जाताना तंबाखूची पिशवी बंडीत खोल कोंबायला लागले.

"बाबा, ती चार महिन्यांची आहे," प्रेरणा म्हणाली.

"व्हय गं, ठावं हाय. पर कशाला दाखवा?"

हे सगळं चाललं असतं. खरी पंचाईत वेगळीच होती. रतनबाई बाळाला हातच लावेनात.

"आई, जरा घ्या ना हिला. मी अंघोळ करून येते."

"म्या? आत्याबाईंस्नी? उचलून?"

"सई आहे ती!"

"व्हय, सईच. पर मला न्हाई जमायचं. माजं हात कापत्यात."

"अहो मग तिची शी कोण धुणार सोमवारपासून?"

रतनबाईंनी कानावर हात ठेवले. "आत्याबाईंची? असं बोलू नगंस बाई, आयकत असत्याल."

कालपर्यंत सासूबाई बाळाला घेतात म्हणून प्रेरणाचा जीव टांगणीला लागायचा. आता घेत नाहीत म्हणून टांगणीला लागला. सोमवार तर पावलापावलानं जवळ येत होता.

तिनं आधी विज्ञानानं सुरुवात केली. कागदावर आतड्याचं चित्र काढून सासूबाईंना गॅस कसा होतो ते समजावलं. रतनबाईंनी मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "आत्याबाईंस्नीबी गॅसचा लई तरास व्हता." विज्ञान संपलं.

मग तिनं प्रयोग केला. घरात कुणी नसताना बाळ रडायला लागलं तेव्हा ती पाळण्याजवळ बसून शांतपणे म्हणाली, "कोथिंबीर." बाळ रडत राहिलं. "रेशनकार्ड." रडत राहिलं. "सई." रडतच राहिलं. मग तिनं दाराकडं बघितलं, आवाज खाली केला. "धोंडाबाई?"

बाळ थांबलं आणि तिच्याकडं टक लावून बघायला लागलं. फोटोतल्यासारखीच डावी भुवई वर.

प्रेरणाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं नकळत पदर शोधला. अंगात ड्रेस होता. मग तिनं स्वतःला समजावलं की नमुन्यांची संख्या अपुरी होती, आणि हा प्रयोग पुन्हा करायचा नाही असं ठरवलं.

चंद्राबाईंकडं जाऊन तिनं विचारलं, "आजी, नाव परत घेता येतं का?"

"येतं की. तलाठ्याकडं अर्ज दे," असं म्हणून त्या काठी आपटून आपटून हसल्या.

शेवटी प्रेरणानं ठरवलं की या घरात स्वप्नाला मान आहे, तर आपणही स्वप्न पाडून घ्यावं. शुक्रवारी सकाळी चहा गाळता गाळता ती सहज बोलावं तशी बोलली, "आई, काल आत्याबाई आल्या होत्या माझ्या स्वप्नात."

रतनबाईंच्या हातातली भाकरी तव्याच्या काठावर आपटली. "काय म्हनल्या?"

"म्हणाल्या, रतनला सांग, मला मांडीवर घे. घाबरू नको म्हणावं. आणि गोड हसल्या."

रतनबाईंनी भाकरी उलटली.

"हसल्या?"

"हो."

"ग्वाड?"

"हो, अगदी."

"मग त्या आत्याबाई न्हवं. दुसरंच कोन तरी आलं आसंल. सपनातबी खातरी करून घ्यावी बाई मानसानं."

आता उरले सासरे. ते गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते. प्रेरणा तिथंच जाऊन उभी राहिली, नाकाला ओढणी बांधून.

"बाबा, तुम्ही तरी आईंना समजवा. सोमवारी मी काय करू? त्या तर बाळासमोर चोरासारख्या वावरतात."

"ती आईम्होरं तशीच वागायची." चिमाजींनी पेंढी सोडली. "आन आता दोन दोन सासवा झाल्या. दमली आसंल."

"दोन कुठल्या? पाळण्यात एकच आहे."

चिमाजींनी तिच्या एका हातातल्या थर्मामीटरकडं बघितलं, दुसऱ्या हातातल्या सॅनिटायझरच्या बाटलीकडं बघितलं. मग म्हशीकडं वळून तिच्या पाठीवर थाप मारली. "सर गं, सर तिकडं," म्हणाले, आणि पुढची पेंढी सोडायला घेतली.

प्रेरणाला राग आला. दिवसभर आला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा म्हशीशी बोलत असतील," आणि तोंडावर पांघरूण घेतलं. पांघरूण हलत होतं.

*

शनिवारी दुपारी प्रेरणा मागच्या मोरीत दुपटी धूत होती. चिमाजी रानात, इंद्रजित कंपनीत. बाळ पुढच्या खोलीत पाळण्यात जागं होतं आणि आपल्या मुठीशी बोलत होतं. मध्येच प्रेरणाला दुसरा आवाज आला. बारीक, दबलेला. ती ओल्या हातांनी तशीच उठली आणि मागच्या दाराशी, पाण्याच्या पिंपाआड उभी राहिली.

रतनबाई पाळण्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या. पदर डोक्यावर.

"आत्याबाई, येक इचारू का?"

"अग्गू," बाळ म्हणालं.

"माज्या धाकल्या भावाचं लगीन व्हतं, वेल्ह्याला. तवा भातलावणी हाय म्हनून तुमी मला धाडलं न्हाई. लावणी दोन दिस म्होरं ढकलली आस्ती तर काय भात रुसला आस्ता?"

बाळ ऐकत होतं. रतनबाईंनी इकडं तिकडं बघितलं आणि पाळण्याजवळ थोडं सरकल्या. आवाजही थोडा चढला.

"आन ते मीठ! मिठाची बरणी तुमी सवताच्या उशाला ठिवायच्या. म्या काय मीठ इकून माडी बांदनार व्हते?"

"अं."

"अं नगा करू. आता कुटं जाताय? चालाया येत न्हाई, बोलाया येत न्हाई, त्वांडात दात न्हाई. असं तुमी मला कदी घावलाच न्हाई."

पिंपाआड प्रेरणानं तोंडावर ओला हात दाबला. तिला आलेलं ते पहिलं हसू होतं, कित्येक आठवड्यांतलं. सासूबाईंची यादी पुढं सरकत होती. फुटलेली कपबशी, नागपंचमीच्या बांगड्या, पाहुण्यांदेखत नावं ठेवलेली आमटी. बाळानं मध्येच पाय हवेत उचलून अंगठा तोंडात घातला, आणि रतनबाई म्हणाल्या, "हां, घाला त्वांडात. माजं बोलनं टोचतंय न्हवं."

मग त्यांनी पाळण्याची दोरी हातात घेतली.

"इंद्रा झाला तवा सव्वा म्हैना ऱ्हायला माज्याजवळ. मग तुमी म्हनला, पोर माज्याकडं, तू रानात जा. मोट्या मानसांदेखत आपलं पोर घेनं बरं दिसत न्हाई. म्या गेले. दूध दाटायचं. बांदावर बसून पिळून टाकलं, मातीत. सांजच्याला घरी यायचं तर पोर तुमच्या मांडीवर निजल्यालं. घिऊ का, इतकं इचारायचंबी धाडस न्हाई झालं. त्यो चालाया लागला तवा तुमच्याकडं चालत गेला."

प्रेरणाचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"म्हनलं, जाऊ दे. नातवंड हुईल तवा घिईन, तवा तर म्याच मोटी आसनार. तर आली तुमची नातसून! बाटली घिऊन हुबी. हात धू, पदर बदल, मान अशी न्हाई तशी धर. म्हनलं आसू दे, शिकल्याली हाय, पोरीच्या भल्याचंच बोलती. आन आता बगते तर पाळण्यातबी तुमीच. म्हंजी माज्या वाट्याला पोर न्हाईच का?"

बाळाला हा प्रश्न आवडला नसावा. त्याचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि त्यानं सूर लावला.

प्रेरणाचा पाय आपोआप उंबऱ्याकडं उचलला गेला. असा तो रोजच उचलला जायचा, मेंदूला न विचारता. या वेळी तिनं दाराची चौकट धरली आणि पाय मागं घेतला. आयुष्यात तिनं एवढं अवघड काम केलं नव्हतं, बी.एस्सी.चं शेवटचं वर्षसुद्धा त्यापुढं काही नाही.

"प्रेरणा! आगं पोर रडतीया!"

प्रेरणा पिंपाआड खाली बसली.

"पोरी! कुटं गेलीस?"

तिच्या घोट्याला मुंगी चावत होती. ती हलली नाही. आत बाळानं वरचा सूर पकडला होता. त्या सुराचा अर्थ प्रेरणाला ठाऊक होता: आता मिनिटभरात श्वास अडकतो, तोंड लाल होतं. तिनं डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांसमोर बाळ जास्तच लाल दिसायला लागलं, म्हणून उघडले.

"कोन न्हाई घरात," रतनबाई स्वतःशी म्हणाल्या. "आता वं?"

पाळणा कुरकुरला. काकणं वाजली. प्रेरणानं पिंपाच्या कडेनं एक डोळा बाहेर काढला. रतनबाईंचा पदर खांद्यावर घसरला होता आणि सई त्यांच्या छातीशी होती. मान नीट धरलेली होती. अशी नाही, तशी. पण नीट होती. हातही अजिबात कापत नव्हते.

"उगी. उगी वं आत्याबाई. संपलं माजं. येवढंच व्हतं, बोलून टाकलं. उगी गं माजी बाय."

आणि सईनं मान वळवून, दुपारचं सगळं दूध रतनबाईंच्या खांद्यावरून पाठीपर्यंत ओकून टाकलं.

मग रतनबाईंना हसू फुटलं. असं फुटलं की त्या बाळासकट भिंतीला टेकल्या. "वकलात? माज्या अंगावर? आत्याबाई, तुमी? वका, आजून वका! आता म्या तुमचं ढुंगानबी धुनार हाय, बगाच!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. बाळ त्या हसण्यानं दचकून गप्प झालं आणि त्यांच्या नाकातली मुरणी धरायला धडपडू लागलं.

प्रेरणा मोरीत परत गेली. धुतलेलीच दुपटी तिनं पुन्हा धुतली. ओकारीनं भिजलेल्या साडीशीच सासूबाई बाळाला धरून थोपटत असणार, हे तिला ठाऊक होतं. तरी ती आत गेली नाही.

*

सोमवारी सकाळी हायवेवर सीट भरून माणसं नेणारी वडापची जीप उभी होती. चालवणारा गेनू हॉर्न मारत होता. प्रेरणा घरातून तीनदा निघाली होती आणि तीनदा परत आली होती. एकदा कानटोपी दाखवायला, एकदा डॉक्टरांचा नंबर सांगायला, आणि तिसऱ्यांदा कशाला ते आत गेल्यावर तिलाच आठवलं नाही.

पुढच्या पडवीत रतनबाई पाय लांब करून बसल्या होत्या आणि त्या पायांवर सई पालथी, तेलानं चकचकीत. बाजूला कढत पाण्याची बादली.

"पाणी फार गरम नाही ना आई?" प्रेरणानं विचारलं, आणि जीभ चावली.

रतनबाईंनी तिच्याकडं बघितलं. "हात घालून बग."

प्रेरणानं बादलीकडं एक पाऊल टाकलं. मग थांबली. "नको," म्हणाली. "तुम्ही बघितलंय ना. बास."

"मग जा की बाई. त्यो गेनू बोंबलतोय कवाधरनं." आणि बाळाच्या पाठीवर पाण्याचा तांब्या ओतत त्या म्हणाल्या, "तुमी कशाला नाक फुगवताय? घाण तुमीच केली न्हवं?"

सईनं टाहो फोडला. त्या टाहोच्या पाठीवरून प्रेरणा जवळजवळ पळतच रस्त्यावर आली आणि जीपमध्ये चढली. इथंही तो ऐकू येत होता, स्पष्ट. जीपमधल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

गेनूनं गाडीचा आरसा सारखा केला आणि त्यातून तिच्याकडं बघितलं. "वहिनी, थांबू का जरा?"

प्रेरणानं पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली, बाळाला धरावं तशी.

"नको. चला तुम्ही."

जीप निघाली. दहा पावलं गेली नसेल तोच ती पुढं वाकून म्हणाली,

"पण जरा हळू चालवा."